इंजिन सुरू करण्यासाठी

जतीनने बटण दाबलं आणि

पुन्हा. जतीनने पाय ब्रेकवर ठेवला, म्हणजे ठेवला असं त्याला वाटलं, आणि बटण दाबलं आणि

पुन्हा.

बॉनेट उघडं होतं, त्यामुळे समोरच्या काचेतून पिवळ्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं. त्या पत्र्यामागून जीवन ओरडला, "काय झालं, शेठ?" जीवनचं चारोटीला हायवेच्या कडेला गॅरेज होतं आणि आयुष्य ट्रकांखाली गेलं होतं. या गाडीखाली शिरायला जागाच नव्हती, म्हणून तो सकाळपासून बिचारा तिच्या चारी बाजूंनी नुसता फिरत होता. "काही नाही," जतीन म्हणाला. "टिक पण वाजत नाही." हे खरं होतं. टिक वाजत नव्हती. पण डॅशबोर्डवर एक ओळ उजळली होती, इंग्रजीत, पांढऱ्या अक्षरांत, एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या माणसाने वाकून सांगावं तशी: इंजिन सुरू करण्यासाठी ब्रेक दाबा. ती ओळ जतीनने जीवनला वाचून दाखवली नव्हती. बॅटरी उतरली होती तोवर सगळं सोपं होतं. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरणारच, त्यात कुणाचा काय दोष? मग जीवनने ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, चिकूच्या पालथ्या क्रेटवर ठेवली, लाल-काळ्या केबली जोडल्या, आणि गाडीचे सगळे दिवे एकदम लागले. जीवनने टाळी वाजवली. जतीनने बटणावरचा हात मागे घेतला. कारण आता गाडीत बिघाड उरला नव्हता. आता फक्त एक पाय उरला होता, उजवा, आणि तो पाय ब्रेकवर आहे की शेजारच्या मॅटवर, हे खाली वाकून बघितल्याशिवाय जतीनला सांगता येत नव्हतं.

पायाला बूट होता. बुटात पाय होता. पायाच्या तळाला

काही नव्हतं.

मागच्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात, एका सकाळी नरपडच्या घरी पलंगावरून उतरताना त्याला वाटलं की फरशीवर कुणीतरी चादर अंथरली आहे. त्याने खाली बघितलं, चादर नव्हती. दुपारी ती न दिसणारी चादर घोट्यापर्यंत आली, रात्री गुडघ्यापर्यंत. मयूरी, त्याची बायको, घरच्या दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन वापीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती कमरेच्या वर गेली होती आणि तो विचार करत होता की आता छातीशी आली की संपलं. छातीशी आली. मशीनने त्याच्या वतीने श्वास घेतला. नसांवरचं आवरण जातं, डॉक्टर म्हणाले, गुलियन बारे म्हणतात त्याला, आणि आवरण परतही येतं. पण वरून खाली येतं. हात येतील, कंबर येईल, मांड्या येतील. तळपाय सगळ्यांत शेवटी. किंवा, असं म्हणून डॉक्टरांनी चष्मा पुसला. त्या किंवाच्या पुढे ते गेले नाहीत आणि जतीननेही त्यांना ढकललं नाही. हात आले. कंबर आली. काठी घेऊन तो चालू लागला, आपल्या पायांकडे बघत, दुसऱ्याची दोन मुलं सांभाळायला दिल्यासारखा. रोज संध्याकाळी मयूरी पेनाचं टोपण त्याच्या तळव्यावरून ओढायची. त्याने छताकडे बघायचं आणि कळलं की हो म्हणायचं. कपाटाच्या स्टीलच्या दारात तिचा हात हलताना दिसायचा. तो बरोबर वेळेवर हो म्हणायचा. सुरुवातीला तिला बरं वाटावं म्हणून. नंतर सवयीने. मयूरी फोनवर आईला सांगायची, आता तळव्यांनाही समजायला लागलंय. आणि तो शेजारच्या खोलीत आपल्याच पायांकडे बघत बसायचा, परक्या माणसाची चप्पल दारात दिसावी तसा.

"शेठ, स्टार्टर गेला वाटतं," जीवन पत्र्याआडून म्हणाला. "की उंदरांनी वायर खाल्ली? पण उंदीर आत घुसायला पण गाडी उंच पाहिजे ना. ही म्हणजे जमिनीला चिकटून बसलीय साली."

"बेडूक हाय ती," शेडच्या तोंडाशी चिकू निवडत बसलेली गंगी म्हणाली. "बसला तर बसला. त्याचा मन जाला तर उडल."

"मावशी, मग तूच बोल त्याच्याशी. माझं ऐकत नाही."

"माझा कोन ऐकतो? मुकादम ऐकत नाय, तर बेडूक ऐकल!"

बेडूक हे नाव गंगीनेच ठेवलेलं. जतीनने गाडी पहिल्यांदा वाडीवर आणली तेव्हा. दोनच सीटची, पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसल्यावर बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याचे गुडघे दिसायचे. कासा ते डहाणू रस्त्यावरचा एकेक गतिरोधक तिरका घ्यावा लागायचा, तरी पोट घासायचंच, आणि चहाच्या टपरीवरची माणसं ते घासणं ऐकायला उभी राहायची. पण पहाटे, हायवेवर, महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका एका बाजूला काळा उभा असताना, उजवा पाय थोडासा, अगदी थोडासा खाली गेला की पाठ सीटमध्ये रुतायची आणि रस्ता आपल्याकडे ओढला जायचा. ते सगळं तळव्यात होतं. लोकांना वाटतं वेग डोळ्यांनी कळतो. वेग तळव्याला कळतो. किती दाबलं, किती उरलंय, खालून काय उत्तर येतंय, हे बोलणं बुटाच्या तळाशी चालायचं आणि डोकं फक्त वर बसून ऐकायचं. आता तो डोक्याने त्या बोलण्याची आठवण काढू शकत होता, पण ती आठवण म्हणजे जेवलेल्या जेवणाची होती, पोट भरत नव्हतं.

पप्पांनी, रामनाथशेठनी, गाडी ट्रेलरवर चढवून तलासरीकडच्या या वाडीत आणून ठेवली, कारण नरपडला समुद्राची खारी हवा पत्रा खाते. वर्षभर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. गेल्या आठवड्यात काढला. वापीचा एक माणूस ती घ्यायला तयार आहे. जेवताना, वरणात भात कालवत, जतीनकडे न बघता ते म्हणाले, "तू स्वतः चालू कर. स्वतः चालवत वाडीच्या फाटकापर्यंत आण. मग तिला कोणी हात लावणार नाही. नाहीतर तो उद्या येतोय." मयूरीला वाटलं, सासऱ्यांनी दगडाचं काळीज केलं. जतीनला तसं वाटलं नाही. मयूरी पेनाचं टोपण घेऊन जे करत होती, तेच पप्पा गाडी घेऊन करत होते. फरक इतकाच की इथे कपाटाचं दार नव्हतं.

बटण.

ब्रेक दाबा.

मांडीने जोर लावला, गुडघा थरथरला. बराच काळ उभ्या गाडीचा ब्रेक असा दगडासारखा होतो हे त्याला ठाऊक होतं. निरोगी माणसालाही तो दाबताना दात खावे लागतात. पण निरोगी माणसाला निदान कळतं की आपण दगडावर पाय दिला आहे. त्याने वाकून बघितलं. खाली अंधार, बुटाचं टोक, पॅडलची कड. बूट ब्रेकवरून घसरून कधीच मॅटवर गेला होता आणि तो इतका वेळ मॅटला ढकलत होता.

"मी चारोटीहून स्कॅनर घेऊन येतो," जीवन हात पुसत म्हणाला. त्याची पाठ घामाने भिजली होती, शर्टाला शेडमधली धूळ चिकटली होती. "त्यात सगळं दिसतं. गाडीला काय दुखतंय ते कॉम्प्युटरच सांगेल. तुम्ही उतरता का?"

"नाही. बसतो."

"बसा, बसा. एसी नाही लागणार, बाकी राजासारखे बसा."

बाईकचा आवाज चिकूच्या रांगांमधून लांब गेला. स्कॅनर सांगेल की गाडीला काही दुखत नाही. त्याला तासभर मिळाला होता. शेडमध्ये पिकायला घातलेल्या चिकूंचा गोड, थोडा आंबल्यासारखा वास होता. मयूरी मागच्या बाजूला तोड करणाऱ्यांकडे गेली होती. लांब बांबूंना बांधलेल्या जाळ्या झाडांच्या शेंड्यांत खुडबुडत होत्या. गंगी क्रेट रिकामा करत होती, मोठे इकडे, बारके तिकडे, तिच्या हातांना बघावं लागत नव्हतं. त्याने त्या हातांचा हेवा केला. मग त्याने दोन्ही हातांनी आपली उजवी मांडी धरली, उचलली, पाय ब्रेकवर नेऊन ठेवला, सामान ठेवतात तसा, वरून गुडघ्यावर डाव्या हाताने सगळा भार दिला, उजव्या हाताने बटण दाबलं आणि

आणि गाडी सुरू झाली.

खालून आली. आधी घुमणं, बंद खोलीत कुणी मोठा नगारा घासावा तसं, मग थरथर, सीटच्या तळातून, दारातून, स्टिअरिंगमधून त्याच्या बोटांत. आणि त्याच्याही आधी, बोटांच्या आधी, पाठीच्या आधी

उजव्या पायाच्या तळव्यात.

तो ओरडला. काय ओरडला ते त्याला कळलं नाही. तळव्यात मुंग्या नव्हत्या, दुखणं नव्हतं, स्पर्शही म्हणता आला नसता. कुणीतरी खालून हाक मारत होतं आणि ती हाक टाचेत शिरून चवड्याकडे धावत होती, परत टाचेकडे, वर्षभर बंद असलेल्या घरात दिवे लागत जावेत तशी खोलीमागून खोली, अंगठ्याच्या मुळाशी एक, करंगळीखाली एक, आणि तो त्या पायाचा होता, तो पाय त्याचा होता, आणि पॅडल थंड आहे की गरम ते कळत नव्हतं पण पॅडल आहे, आहे, हे कळत होतं. झाली, तो म्हणाला, झाली सुरू, पप्पा, झाली. आणि त्याने समोर बघितलं. इंजिनाचा काटा शून्यावर होता. पांढरी ओळ तशीच, सभ्य, हलत होती. ओळ हलत नव्हती. सगळं हलत होतं. ट्रॅक्टरची बॅटरी क्रेटवर टकटक करत होती. शेडच्या पत्र्यांतून माती गळत होती. एक क्रेट कलंडला आणि चिकू टणाटण उड्या मारत गाडीच्या चाकांखाली पळाले. बाहेर, वाडीभर, झाडांवरून तयार फळं धपाधप पडत होती, वारा नसताना. गंगीची जागा रिकामी होती.

भूकंप होता.

काही वर्षांपूर्वी धुंदलवाडीकडे हे सुरू झालं तेव्हा लोक थंडीत तंबू ठोकून बाहेर झोपले होते, शास्त्रज्ञ आले, जमिनीत यंत्रं पुरून गेले. मग कमी झाल्यासारखं वाटायचं, मग पुन्हा धक्के यायचे. सगळ्यांना ते माहीत होते, मोठा, बारका, आवाजाचा, बिनआवाजाचा, घरोघरी त्यांच्यावर बोलणं चालायचं. जतीनला ते कधी कळलेच नव्हते. धावत्या गाडीत भूकंप कळत नाही. प्रत्येक मोठा धक्का बसला तेव्हा तो कुठेतरी हायवेवर होता, घरी आल्यावर मयूरी सांगायची, आणि तो म्हणायचा, अच्छा. तोच आज थांबलेल्या गाडीत बसला होता आणि पृथ्वी त्याच्या तळव्याशी बोलत होती. किती खाली असेल ते? विहिरी संपतात त्याच्या खाली, बोअर संपतात त्याच्या खाली, जिथे कुणाचा पाय कधी पडला नाही आणि पडणार नाही, तिथे अंधारात एका खडकाने दुसऱ्याला जराशी जागा दिली. कुणासाठी नाही. कशासाठी नाही. आणि ते एवढं सगळं दगडामातीचं अंतर चढून वर आलं, वाडीच्या मुळांतून, शेडच्या कोब्यातून, हवा कमी झालेल्या टायरमधून, पत्र्यातून, मॅटमधून, बुटाच्या रबरातून, मोज्यातून, आणि जिथे डॉक्टरांचं बोलणं किंवापाशी थांबलं होतं तिथे ते थांबलं नाही.

मग गेलं. सगळं जागेवर आलं. तळव्यातले दिवे एकेक विझत गेले, पण सगळे नाही. टाचेपाशी काहीतरी मिणमिणत राहिलं.

"जतीन! बाहेर ये! जतीन!" मयूरी धावत आली. तिच्या केसांत चिकूची पानं होती. तिने दार ओढलं. "अरे बसलायस काय? पत्रा पडला असता डोक्यावर!"

त्या सीटवरून त्याला झटकन उठता येत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात पुढे केला. तो तिच्याकडे बघत होता. त्याला सांगायचं होतं ते एकदम सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने आधीचं सांगितलं.

"गाडीला काही झालेलं नाही. बॅटरी लागली तेव्हाच ती ठीक झाली. माझा पाय ब्रेक दाबत नाही. मला कळतच नाही पाय कुठे आहे."

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी पण नाही. कपाटाच्या दारात तुझा हात दिसतो."

मयूरीने पहिल्यांदा शेडच्या छताकडे बघितलं, मग उलटलेल्या क्रेटकडे. "आणि त्या जीवनला सकाळपासून घाम काढायला लावलास?" ती म्हणाली. "तो आत्ता चारोटीला गेलाय ते यंत्र आणायला! भर उन्हात! काय माणूस आहेस रे तू!" तिचा आवाज फुटला. ती जीवनबद्दल बोलत नव्हती. मग तिने साडीचा पदर कमरेला खोचला, दाराशी गुडघ्यांवर बसली, अर्धी आत वाकली, त्याचा पाय बाजूला सारून दोन्ही हात ब्रेकवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार दिला. तिचं डोकं त्याच्या मांडीला टेकलं होतं. "दाब बटण," ती खालून म्हणाली.

"मयूरी, ऐक ना, आत्ता मला"

"दाब म्हणते ना!"

त्याने दाबलं. गाडी खाकरली, थांबली, आणि मग वर्षभराची साचलेली गर्जना एकदम बाहेर पडली. शेड दणाणली. मागून काळा धूर, आणि बाहेरच्या मोकळ्या जागेतून गंगीची किंकाळी, "परत जाला! बायो, भायेर निंगा! परत जाला!"

मयूरी उठून बसली, तिच्या नाकाला ग्रीस लागलं होतं, ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "झाली!" ती गर्जनेवरून ओरडली. "जतीन, झाली ना!" सीट थरथरत होती, स्टिअरिंग थरथरत होतं, ज्या आवाजासाठी तो वर्षभर तळमळला तो आवाज त्याच्या छातीत मावत नव्हता. त्याने उजवा पाय दारातून बाहेर काढला, जमिनीवर ठेवला, आणि मन एकवटून बघितलं. काही ऐकू येत नव्हतं. इंजिन सगळ्यावर पसरलं होतं. टाचेतलं ते बारीक मिणमिणणं गर्दीत मूल हरवावं तसं हरवलं होतं.

त्याने इंजिन बंद केलं.

"अरे! बंद का केलीस?"

"पप्पांना सांग, वापीवाल्याला येऊ दे," तो म्हणाला. "नेऊ दे त्याला." आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. बोटं घाई करत होती, गाठ बसली. मयूरीने ती सोडली, काही न विचारता, बूट काढला, मोजा काढला. पाय पांढराफटक होता, वर्षभर ऊन न लागलेला. त्याने तो कोब्यावर ठेवला, पडलेल्या चिकूंच्या मध्ये, आणि स्थिर बसला. वाट बघत. कसली, ते त्याने मनातसुद्धा धडपणे म्हटलं नाही.

गंगी शेडमध्ये आली तेव्हा फोन तिच्या कानाला होता. ती धुंदलवाडीपलीकडच्या पाड्यावर राहायची. "सगली भायेर हाय ना? पोरा? बकरी? बरा, बरा." तिने फोन कमरेला खोचला. "रूपीचा फोन, माझ्या सुनेचा," ती मयूरीला म्हणाली. "घरकुलाची मागची भित पडली. आख्खी. कोन नव्हता आत. कुडाचा घर होता तवा नुसता झुलायचा. ही विटांची भित, हिला झुलता येत नाय."

"चल, मी सोडते तुला घरी," मयूरी म्हणाली. "आमची दुसरी गाडी फाटकाशीच आहे."

"चल." गंगीने सांडलेले चार-दोन चिकू सवयीने उचलून क्रेटमध्ये टाकले आणि मग तिचं लक्ष जतीनकडे गेलं. तो त्या बुटक्या गाडीत तिरपा बसला होता, एक पाय उघडा, जमिनीवर, आणि त्याचे गाल ओले होते.

"भित माझी पडली," ती म्हणाली, "आन रडतस तू?"

तिला काय सांगायचं? की ज्याने तुझी भिंत पाडली त्याचीच मी पुन्हा वाट बघतोय? त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो पायाकडे बघत राहिला, पण आता तो कुठे आहे हे कळायला त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं.

"गंगी, मला कळला," तो म्हणाला. "पायाला. आत्ताचा धक्का मला पायाला कळला."

वाडीवर आला की काठी टेकत, पाय बघत चालताना गंगीने त्याला कितीदा तरी बघितलं होतं. ती जवळ आली. वाकली. त्या पांढऱ्या पायाकडे तिने लांबून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, मग शेडच्या बाहेर, झाडांखाली पडलेल्या फळांच्या सड्याकडे, त्याच्यापलीकडे तिच्या पाड्याच्या दिशेला.

"मंग मोठाच होता," ती म्हणाली.